पहिल्या गोळीची रात्र

गिलफर्ड, कनेक्टिकट
२७ जून

प्रिय शुभा,

तुझे दोन फोन आले तेव्हा मी झोपून होते. "आईला जरा बरं नाही" एवढंच मुग्धाने तुला सांगितलं, कारण त्या दिवशी काय सांगावं ते तिलाही उमजत नव्हतं. आता मी बसून लिहू शकते. हाताला उन्हाचा चटका बसलाय, अक्षर वेडंवाकडं येईल, सांभाळून घे. यातली एक गोष्ट तुझ्या घरातली आहे, तुझ्या दिरांची. ती फोनवर बोलायला मला जड गेलं असतं.

मला लाइमचा आजार झाला. गोचीड चावून होतो. आपल्या गुरांच्या कानात, आचळांपाशी टपोऱ्या फुगलेल्या असायच्या ना, तशी नव्हे. इथली गोचीड पिल्लू असताना खसखशीच्या दाण्याएवढी असते आणि मे ते जुलै ह्या दिवसांत तीच जास्त चावते. मी तिला पाहिलंच नाही. चावलेलं बहुतेकांना कळतच नाही म्हणतात.

मुग्धाच्या घरामागे जुना दगडी गडगा आहे, अगदी आपल्याकडे असतो तसा, चुना-सिमेंट काही नाही. त्याच्या फटींतून उंदीर राहतात, पांढऱ्या पोटाचे. गोचिडीच्या अंगात रोगाचे जंतू येतात ते ह्या उंदरांचं रक्त पिऊन. संध्याकाळी हरणं येऊन फुलझाडांची पानं खातात. मोठ्या झालेल्या गोचिडी त्यांच्या अंगावर पोसतात. नात निजली की मी त्या गडग्यापाशी पाचोळा ओढायला जायची. साडी नाही, पण पाय उघडे. शेणामातीत वाढलेल्या बाईला पाचोळ्याची कसली भीती?

१५ तारखेला अंघोळ करताना डाव्या गुडघ्याच्या मागे लाल चट्टा दिसला. दुखत नव्हता, खाजतही नव्हता. मला वाटलं नागीण. दोन दिवसांत तो बशीएवढा झाला आणि मान आखडली, अंग मोडून आल्यासारखं वाटायला लागलं. मुग्धाने बॉलपेनने त्याच्या कडेने रेघ ओढली आणि म्हणाली, उद्या रेघेबाहेर गेला तर डॉक्टर. सकाळी तो रेघेच्या बोटभर बाहेर होता.

दवाखान्यात रक्त तपासलंच नाही, ह्याचा मला तेव्हा राग आला होता. चट्टा पाहिला, अंगणाचं विचारलं आणि औषध लिहून दिलं. नंतर कळलं की ते बरोबरच होतं. ह्या रोगाची रक्तातली खूण उमटायला काही आठवडे लागतात. पहिल्या दिवसांत रक्त तपासलं तर बऱ्याचदा काहीच नाही असं येतं आणि माणूस निर्धास्त होऊन बसतो. असा पसरत जाणारा चट्टा हीच खूण. दहातल्या सात-आठ जणांना तो उठतो.

आणि गोळी कुठली, सांग बघू? डॉक्सीसायक्लिन. आपल्या लेप्टोच्या, भातशेतीच्या पाण्यातून होणाऱ्या त्या तापाच्या, गोळ्या गो! लावणीच्या आधी आशाताई पिशवीतून घेऊन फिरते, आठवड्याला एकदा घ्यायच्या सांगते, त्याच. इथे मला १०० मिलिग्रॅमची सकाळ-संध्याकाळ, दहा दिवस. इतक्या लांब येऊन ओळखीचं कोणी भेटावं तसं झालं मला. घाबरण्यासारखं काही नाही असं स्वतःला सांगत १८ तारखेला संध्याकाळी सातला, जेवण करून, पहिली गोळी घेतली.

रात्री अकराच्या सुमाराला हुडहुडी भरली. जूनचा महिना, खिडक्या उघड्या, आणि माझे दात एकमेकांवर आपटत होते. मुग्धाने दुलई घातली, त्यावर ब्लँकेट, त्यावर जावयांचा थंडीतला कोट. तरी पाय हलायचे थांबेनात. ताप १०२.४. डोकं असं ठणकत होतं की डोळा फिरवला तरी कळ यायची. छाती धडधडत होती. मुग्धाने मोबाइलच्या उजेडात गुडघ्यामागे पाहिलं. चट्टा लालभडक झाला होता आणि संध्याकाळी नवी ओढलेली रेघ त्याच्या आत गेली होती. ती काही बोलली नाही, पण तिचा हात माझ्या पायावर तसाच राहिला आणि मला कळलं की ती घाबरलीय.

शुभा, तेव्हा माझ्या मनात एकच होतं: ही गोळी मला सोसत नाहीये. उद्या सकाळी घ्यायची नाही. मी मुग्धाला तसं सांगितलंही, डबी उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेव म्हटलं.

तिने रात्रीच्या नर्सला फोन लावला. इथे दवाखाना बंद झाल्यावर फोनवर एक नर्स असते. तिने आधी सरळ प्रश्न विचारले. श्वास लागतोय का? ओठ, जीभ, चेहरा सुजलाय का? अंगावर गांधी उठल्यात का? चक्कर येऊन पडल्या का? ह्यातलं एक जरी हो असतं तर लगेच इस्पितळात यायचं होतं, कारण ती औषधाची ॲलर्जी. चारही उत्तरं नाही आली, तेव्हा तिचा आवाज सैल झाला. म्हणाली, पहिल्या गोळीनंतर किती तासांनी सुरू झालं? चार. मग बहुतेक हे औषध लागू पडल्याचं लक्षण आहे. तापाची गोळी द्या, पाणी भरपूर पाजा, आणि सकाळची डॉक्सी चुकवू नका. चोवीस तासांत उतरेल. नाही उतरलं तर पुन्हा फोन करा.

ह्याला नाव आहे, यारिश-हेर्क्सहायमर प्रतिक्रिया. दोन त्वचारोगतज्ज्ञांची नावं: ऑस्ट्रियातले आडोल्फ यारिश, त्यांनी १८९५ साली लिहिलं, आणि फ्रँकफर्टचे कार्ल हेर्क्सहायमर, १९०२ साली. तेव्हा उपदंशाच्या रोग्यांना पाऱ्याचं औषध द्यायचे. पहिल्या मात्रेनंतर अंगावरचे चट्टे कमी व्हायच्या ऐवजी भडकायचे, ते ह्या दोघांनी नीट पाहून नोंदवलं. हेर्क्सहायमर ज्यू होते. म्हातारपणी नाझींनी त्यांना टेरेझिनच्या छावणीत नेलं आणि १९४२ साली ते तिथेच गेले. तीस वर्षं इतिहास शिकवला मी, पण माझ्या स्वतःच्या तापाच्या नावात ही गोष्ट असेल असं कुठे माहीत होतं? वाचलं त्या दुपारी मी बराच वेळ तशीच बसून होते.

तर त्यामागचं कारण असं. उपदंश, लाइम आणि आपला लेप्टो, तिन्हींचे जिवाणू एकाच घराण्यातले, मळसूत्री आकाराचे. औषधाने ते भराभर मरायला लागले की त्यांचे तुकडे रक्तात सुटतात आणि आपलं शरीर त्यांच्यावर तुटून पडतं. हुडहुडी, ताप, डोकेदुखी त्या लढाईची. लाइममध्ये शंभरातल्या पंधराएक जणांना असं होतं. मी त्यातली निघाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवेलागणीला घाम फुटला, नाइटी पार भिजली, आणि ताप गेला तो परत आला नाही. चट्टाही चौथ्या दिवसापासून फिका पडत गेला.

आता तुझ्या दिरांचं. गेल्या वर्षी लावणीनंतर त्यांना लेप्टो निघाला. पहिल्या दिवसाच्या औषधाने रात्री थंडी वाजून ताप चढला, म्हणून त्यांनी गोळ्या टाकल्या. तू मला फोन केलास. आणि मी काय म्हटलं ते मला शब्दशः आठवतं: "सोसत नसतील तर बंद करा, शरीर सांगतं ते ऐकावं." चार दिवसांनी त्यांना जिल्हा रुग्णालयात न्यावं लागलं. वाचले, ही देवाची कृपा. तू मला कधी बोल लावला नाहीस, वहिनींनीही नाही. त्यांना झालं ते हेच होतं असं मी ठामपणे म्हणू शकत नाही, लेप्टोचा ताप तसाही चढतो. पण लेप्टोच्या औषधानेही हे होऊ शकतं, आणि असं झालं तर औषध बंद करायचं नसतं, डॉक्टरला सांगायचं असतं. मला काही माहीत नसताना मी सल्ला दिला. त्या रात्री डबी दुसऱ्या खोलीत ठेव म्हणताना माझ्याच तोंडचं ते वाक्य मला ऐकू आलं. दिरांना आणि वहिनींना हे वाचून दाखव. मला त्यांची माफी मागायची आहे.

राग मात्र एका गोष्टीचा अजून आहे. दवाखान्यात ह्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. "पहिल्या रात्री थंडी वाजेल, घाबरू नका" हे म्हणायला किती वेळ लागतो? मुग्धा शिकलेली, फोन लावायला नर्स होती, म्हणून मी सकाळची गोळी घेतली. एकटीच असते तर डबी कचऱ्यात गेली असती.

ह्या आजाराचं नावही अशाच एका बाईमुळे आपल्यापर्यंत आलंय. इथून किनाऱ्याने अर्ध्या तासावर कनेक्टिकट नदीचा पूल आहे, तो ओलांडला की ओल्ड लाइम. त्याला लागूनच असलेल्या लाइम गावात पॉली मरे नावाची आई राहायची. घरातली माणसं सारखी आजारी: ताप, चट्टे, सुजलेले गुडघे. डॉक्टर मनावर घेईनात, तरी कोणाला कधी काय झालं ते ती लिहीत राहिली. १९७५ साली तिने आणि त्याच भागातल्या ज्युडिथ मेन्शने, दोघींनी आपापल्या परीने आरोग्य खात्याला विचारलं की एवढ्याशा जागेत इतक्या मुलांना सांधेवात कसा? मग येल विद्यापीठाचे डॉ. ॲलन स्टीअर तपासायला आले. जिवाणू सापडायला १९८१ उजाडलं. मोंटानातल्या प्रयोगशाळेत विली बुर्गडॉर्फर यांना तो गोचिडीच्या पोटात दिसला. पण सुरुवात त्या आईच्या टिपणांनी केली. रविवारी मुग्धा मला त्या पुलापर्यंत घेऊन जाणार आहे.

बाकी गोळीचं तंत्र सांभाळावं लागतं. मला औषध दुधाबरोबर घ्यायची सवय, पण डबीवरच चिकटवलंय की दूध चालणार नाही. दुधातल्या कॅल्शियमला औषध चिकटून बसतं आणि अंगी लागत नाही. दही, लोहाच्या गोळ्या, ॲसिडिटीच्या गोळ्या, सगळं दोन तास लांब. उपाशीपोटी एकदा घेतली तर तासाभरात उलटून पडली. ते त्या पहिल्या रात्रीसारखं नव्हतं, नुसतं पित्त. तेव्हापासून आधी उकड्या तांदळाची पेज, मग गोळी, वर पेलाभर पाणी, आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. उकडा तांदूळ इथे मिळतो, पण तो वास नाही. आणि ऊन! चौथ्या दिवशी कठड्यावर नातीचे कपडे वाळत घातले, दहा-पंधरा मिनिटं फार तर. संध्याकाळी हाताचा वरचा भाग लाल होऊन झोंबायला लागला. बांगड्यांच्या खाली तेवढ्या गोऱ्या रेघा राहिल्यात. आशाताईच्या गोळ्या घेऊन तुम्ही भर शेतात वाकता, पाऊस उघडला तर डोक्यावर इरलं आणि अंगभर बाह्या असू देत.

शेजारच्या बाई भेटायला आल्या होत्या. प्रेमळ आहेत, सूप घेऊन आल्या. पण म्हणाल्या, महिनोन् महिने गोळ्या घे, जितका त्रास होईल तितके जंतू मरतात असं समज. हे मला पटलं नाही. तो त्रास पहिल्या दिवसाचा असतो. दहाव्या दिवशी किंवा दोन महिन्यांनी काही दुखलं तर त्यालाही तेच नाव देऊन कसं चालेल? २००१ साली इथल्या एका चाचणीत, आजारानंतर दुखणं उरलेल्यांना ९० दिवस प्रतिजैविक दिलं. तुलनेसाठी औषध नसलेली, नुसती दिखाऊ मात्रा घेतलेल्यांपेक्षा त्यांना जास्त गुण आला नाही. थकवा काहींना बरेच महिने राहतो, तो खराच असतो, पण त्याला ह्या गोळ्या नकोत. मलाही जिना चढताना अजून मध्ये थांबावं लागतं.

उद्या सकाळची शेवटची गोळी. मग तूप-मेतकूट-भातावर दही वाढून घेणार आहे.

तुझ्याकडे लावणी कुठवर आली? आशाताई आली की तिला थांबवून हे सांग. ती प्रतिबंधाच्या गोळ्या देते, पण आजारी पडलेल्यांच्या घरीही तीच जाते. पहिल्या रात्रीचं तिने आधीच सांगून ठेवलं तर पुष्कळ होईल. आणि दिरांचं काय म्हणणं पडलं ते मला कळव, लपवू नकोस.

तुझी,
वसुधा