सूचना: प्रश्न चॅटवर की स्टॅक ओव्हरफ्लोवर?

सर्व सभासदांना विनंती, पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेबद्दल काही अडलं तर चॅटवर "पायथॉन येणारं कोणी आहे का?" एवढंच लिहून थांबू नका, थेट प्रश्न टाका. बोलता बोलता सुटेल अशा किरकोळ अडचणीला आयआरसी (इंटरनेटवरचं थेट लेखी चॅट) उत्तम. मात्र उत्तर येईपर्यंत तिथून बाहेर पडू नका, मागचे संदेश सहसा पुन्हा दिसत नाहीत.

अडचण चिवट असेल तर स्टॅक ओव्हरफ्लो, म्हणजे प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांची वेबसाइट. २००८ पासूनची उत्तरं तिथे आहेत, आधी शोधा. विचारताना पायथॉनची आवृत्ती आणि पूर्ण ट्रेसबॅक (कोड अडल्यावर पायथॉन दाखवतो तो चुकीचा तपशील) द्या. बरेच जण शेवटची ओळ कापतात, आणि नेमकी चूक तर तिथेच लिहिलेली असते! स्क्रीनशॉट कृपया नको. त्यातला कोड कॉपी करून चालवता येत नाही. दोन्हीकडे विचारलं असेल तर तसं कळवा, उत्तर देणाऱ्यांचा वेळ वाया जायला नको.