आगीनंतर हातोड्याची घाई नको

मा. संपादक,

पुनर्विकासाला निघालेली जुनी वास्तू रिकामी होते, काही काळ पडून राहते आणि एके रात्री पेटते. 'शॉर्टसर्किट असावे' म्हणून प्रकरण मिटते. प्रत्येक आग लावलेलीच असते, असे माझे म्हणणे नाही. लाकडी जिने आणि जुने वायरिंग किती लवकर पेट घेतात, हे आम्हा गिरगावकरांना वेगळे सांगायला नको. पण आगीनंतर पाडकामाची जी घाई होते, तिचा जाब कुणीतरी विचारायला हवा.

इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमध्ये 'क्रुकेड हाउस' नावाचा पब होता. इमारत १७६५ सालची. खालच्या कोळसा खाणींमुळे जमीन खचून ती एका बाजूला कलली आणि त्यामुळेच नावारूपाला आली. जुलै २०२३ मध्ये ती विकली गेली आणि ५ ऑगस्टच्या रात्री पेटली. वाटेवर मातीचे ढिगारे होते, बंबांना जवळ जाता येईना. वरच्या मजल्याचा काही धोकादायक भाग तेवढा उतरवायचा, असे कौन्सिलने, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेने, सांगितले होते. तरी ७ ऑगस्टला अख्खी इमारत जमीनदोस्त झाली. पोलिसांनी जाळपोळ म्हणून तपास सुरू केला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कौन्सिलने मालकांना नोटीस काढली: तीन वर्षांत इमारत होती तशी उभी करा. पोकळ धमकी म्हणावी, तर लंडनचा कार्लटन टॅव्हर्न डोळ्यांसमोर आहे. २०१५ मध्ये विनापरवाना पाडलेला हा पब वेस्टमिन्स्टर कौन्सिलने पुन्हा बांधायला लावला आणि २०२१ मध्ये तो उघडलाही.

आपल्याकडे मुंबईने १९९५ मध्येच वारसा नियमावली केली, देशात सर्वांत आधी. मात्र मुंबईच्या विकास नियमावलीच्या नियम ३३(६) मध्ये आगीत नष्ट झालेली, कोसळलेली आणि कायदेशीर आदेशाने पाडलेली इमारत एकाच तरतुदीत बसवली आहे. माझी सूचना अशी: वारसा वास्तू जळाली, तर आगीचे कारण ठरेपर्यंत त्या जागेवर नवा आराखडा मंजूरच होऊ नये. आग लावलेली निघाली, तर जुन्या उंचीची, जुन्या घडणीची इमारतच तिथे उभी राहावी. वाढीव एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाचा हक्क, एक फूटही मिळू नये.

दुसरे म्हणजे धोकादायक इमारतींसाठीची महापालिकेची कलम ३५४ ची नोटीस. आगीनंतर काळीठिक्कर पडलेली तुळई पाहून इमारत 'धोकादायक' ठरवणे सोपे असते. पण जुन्या सागाच्या जाड तुळया वरून जळतात आणि तो कोळशाचा थर आतल्या लाकडाला बराच वेळ सांभाळतो. तासून पाहिले तर आत टणक, पिवळसर साग निघू शकतो. चुन्यातल्या भिंतींचेही तसेच. त्या नुसत्या पाहून नव्हे, तपासून ठरवाव्या लागतात. ही तपासणी मालकाने नेमलेल्या अभियंत्याकडे नको, वारसा समितीने नेमलेल्या संवर्धनतज्ज्ञाकडे द्यावी आणि त्याचा अहवाल येईपर्यंत, लोकांच्या जिवाला धोका असलेला भाग सोडून, एकही वीट हलवू नये.

रिकाम्या केलेल्या वारसा वास्तूचा वीजपुरवठा तोडणे आणि तिथे रात्रंदिवस पहारा ठेवणे ही मालकाची जबाबदारी ठरवून परवान्याच्या अटींतच घालावी. नगरविकास खात्याने एवढे तरी तातडीने करावे, ही विनंती.

— एक वाचक, गिरगाव, मुंबई