चि. मुक्तास, जुन्या बासच्या खरेदीबद्दल

दांडिया बाजार, बडोदे

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू घाईत होतीस, मागे कुणीतरी ड्रम बडवत होतं, त्यामुळे मी काय सांगितलं त्यातलं निम्मं तुला ऐकू आलं नसणार. म्हणून लिहितो. तू लिंक पाठवलेले इथले तिन्ही जुने बास गिटार मी आणि आई पाहून आलो. निकाल आधी सांगतो: समा रोडचा लाल नको, गोत्रीचा पाच तारांचा नको, रावपुऱ्यातला ओरखड्यांचा घ्यावा. फोटो पाहून तू लावलेला क्रम नेमका याच्या उलट होता, तेव्हा कारणं नीट सांगायला हवीत. नाहीतर म्हणशील, बाबांनी पैसे वाचवले. स्वस्त तर लालच होता.

पैशाचं पहिल्यांदा. तुझ्या शिकवणीचे आठ आणि माझे दहा मिळून अठरा हजार झाले, पण ते सगळे बासवर घालायचे नाहीत. जुन्या बासच्या तारा मेलेल्याच असतात. चार तारांचा बरा संच दोन हजारांच्या आसपास जातो. बसवून, सेटिंग करून घ्यायचे हजारेक धर. केबल, पट्टा, जरा जाड बॅग. शिवाय आवाज कशातून काढणार? ते राहिलं तर बास भिंतीला टेकून बसेल. म्हणजे बाससाठी हातात उरतात बारा, फार तर तेरा. एवढ्यात चांगला नवा मिळत नाही. यामाहा किंवा आयबानेझचे शिकाऊंसाठीचे नवे बासच याच्या पुढे आहेत. त्याहून स्वस्त नवे मिळतात, पण त्यांच्यापेक्षा चांगला जुना केव्हाही बरा, असं माझं मत.

रूममेटचा गिटारचा छोटा अ‍ॅम्प वापरेन म्हणालीस. अगदी हळू आवाजात सरावाला वापर. मोठा करू नकोस. बासची सगळ्यात जाड तार, तुमची ई, ४१ हर्ट्झला वाजते, गिटारची त्याच्या बरोबर एक सप्तक वर. गिटारच्या अ‍ॅम्पमधला लहान स्पीकर एवढा खालचा सूर जोरात ढकलायला केलेलाच नसतो. त्या स्पीकरचा कागदी पडदा फाटला की तुझे उरलेले पैसे तिच्या अ‍ॅम्पवर जातील आणि मैत्रीही जाईल. हॉस्टेलात रात्री वाजवायचं तर थेट बासच्या जॅकमध्ये खोचायचा हेडफोन अ‍ॅम्प घे. तो लहान असतो आणि कुणाची झोप मोडत नाही. मोठ्या अ‍ॅम्पचं पुढे बघू. कार्यक्रमात तो आयोजकांचाच असतो.

आता लाल. दिसायला देखणा, नऊ हजार, विकणारा मुलगा नम्र. ‘काका, एकदम नवा जेवुं छे.’ मी पत्ता ऐकला तेव्हाच पाल चुकचुकली. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तो तुला आठवत असेल. धोक्याची पातळी २५ फूट आणि पाणी चढलं ३५ च्या वर. समा, अकोटा, फतेहगंज, सगळीकडे तळमजले बुडाले आणि सोसायट्यांत मगरी निघाल्या. म्हटलं, बास तेव्हा कुठे होता? ‘वरच्या मजल्यावर.’ असेल. पण बॅगेची चेन उघडल्याबरोबर आईने नाकाला पदर लावला. ब्रिजचे, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या पट्टीचे, स्क्रू तांबूस झालेले, तारांचा कंप पकडणाऱ्या पिकअपमधल्या लोखंडी खुंट्यांवर गंज. नेक, म्हणजे बासची लांब मान, जिथे बॉडीत बसते तिथे पॉलिशला बारीक फुगे. फ्रेटबोर्ड, म्हणजे बोटं दाबायची पट्टी, आणि खालचं लाकूड यांच्या सांध्यावर नख फिरवलं तर एका जागी अडकत होतं, म्हणजे डिंकाने जागा सोडायला सुरुवात केलेली. त्याला विचारून नेकच्या आतल्या ट्रस रॉडला पाना लावला. रॉड हलला नाही. मी जोर दिला नाही, दुसऱ्याची वस्तू.

त्या रॉडचं महत्त्व समजून घे, कारण जुना बास घेताना ऐंशी टक्के निर्णय तिथेच आहे. चार तारा सुरात आणल्या की त्यांचा मिळून ताण सत्तर किलोच्या वर जातो. लाकडाची एवढीशी पट्टी वर्षानुवर्षं तो सोसत असते, जणू दोरी चढवून ठेवलेलं धनुष्य. म्हणून नेकच्या पोटात पोलादी रॉड असतो, तो उलट्या बाजूने जोर लावून तिला सरळ ठेवतो. पावसाळ्यात लाकूड फुगतं, मे महिन्यात आवळतं, तसा तो पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे करावा लागतो. रॉड फिरत नसेल किंवा आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल, तर त्या बासला उद्याचा पावसाळा झेपेल की नाही हे नशिबावर. रंग, बटणं, पिकअप, तारा, सगळं बदलता येतं. वाकडी किंवा पिळलेली नेक स्वस्तात सरळ करून देणारा मला तरी भेटलेला नाही.

पाहायचं कसं ते लिहितो, पुण्यात कधी कुणासाठी बास पाहशील तेव्हा उपयोगी पडेल. बास सुरात लाव. सैल तारांवर नेक पाहण्यात अर्थ नाही, विकणारे कधीकधी मुद्दाम सैल करून ठेवतात. मग बॉडीच्या बाजूने एक डोळा मिटून नेकच्या दोन्ही कडा बघ, आम्ही कारखान्याच्या टूलरूममध्ये पट्टी बघायचो तशी. दोन्ही कडा सारख्या वळल्या असतील तर रॉडने सुधारते. एक वर, एक खाली असेल तर नेक पिळलेली आहे, उठून चालू पड. मग जाड तार पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या त्या फ्रेट) आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाब. दाबलेली तार हीच तुझी सरळ पट्टी. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत किंचित फट दिसली पाहिजे. मी फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा, घेऊन गेलो होतो (आई म्हणाली, निदान इथे तरी नको). ०.३५ मिलिमीटरची पात जेमतेम सरकली की उत्तम. तुझ्याकडे गेज नसणार, साधं व्हिजिटिंग कार्ड चालतं. फट मुळीच नसेल तर नेक मागे गेलेली आहे. एक मिलिमीटर असेल तर पुढे वाकलेली, आणि मग रॉडमध्ये किती आटे शिल्लक आहेत ते विचार.

रावपुऱ्यातल्या बासला हे सगळं जमलं. यामाहाचा आहे, चार तारांचा. मालक नवरात्रात गरब्याच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो, आता त्याने वरचा घेतलाय. बास मागून पट्ट्याच्या बकलाने खरवडला आहे, बॉडीच्या वरच्या शिंगासारख्या टोकाचा रंग उडालाय, एका बटणाची टोपी नाही. फोटोत तू हेच पाहिलंस. मला हे पाहून उलट बरं वाटलं. नऊ रात्री, रोज तीन-चार तास, हजारोंच्या मैदानात ज्याच्यावर पोट चालतं ते वाद्य माणूस बिघडू देत नाही. जॅक नवा बसवलेला, सोल्डर स्वच्छ. नेकच्या मागची चार स्क्रूंची प्लेट सरळ बसलेली. ही चार स्क्रूंची जोडणी मला फार आवडते. लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५१ मध्ये त्याने पहिला प्रिसिजन बास बाजारात आणला तोच असा, नेक वेगळी करता येईल आणि कारखान्यात भराभर जोडता येईल असा. तेव्हाची ३४ इंचांची तारेची लांबी आजही बहुतेक बासना तशीच आहे. म्हणजे ८६४ मिलिमीटर. नटपासून, म्हणजे डोक्याकडे तारा जिथे टेकतात तिथपासून, बारावा फ्रेट याच्या निम्म्यावर, ४३२ ला हवा, आणि पहिला ४८.५ ला. मी पट्टी लावून पाहिलं, बरोबर होतं. मालक माझ्याकडे बघत राहिला. त्याच्याकडे आजवर आलेल्यांनी फक्त ‘छेल्लो भाव’, शेवटचा भाव, विचारला होता.

कानाचं काम आईने केलं. प्रत्येक तारेवर बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवून एक सूर काढायचा, मग तिथेच दाबून दुसरा. दोन्ही एकच हवेत. जाड तारेचा दाबलेला सूर आईला किंचित चढा लागला. ट्यूनरनेही तेच दाखवलं. ब्रिजवरचं त्या तारेखालचं सॅडल थोडं मागे घेतलं की उतरेल, आणि मागे घ्यायला जागा भरपूर आहे हे मी पाहिलं. जागा संपलेली असती तर गोष्ट वेगळी. पहिल्या चार फ्रेटवर तारांनी पाडलेल्या खाचा आहेत, पण उथळ. एकेक फ्रेट वाजवून पाहिला, घरघर फक्त एका जागी आहे, पातळ तारेवर सहाव्याला. तिथे सूरही जरा लवकर विझतो. बऱ्याच बासांत त्या आसपास अशी मेलेली जागा असते, ती त्या लाकडाची खोड असते. तुला ऐकूही येणार नाही. व्हॉल्यूमचं बटण खरखरतं, ते काँटॅक्ट क्लीनरने जाईल.

हातासाठी एक बघून ठेव. तारा बाराव्या फ्रेटपाशी त्याने उंच ठेवल्यात, त्याला जोरात वाजवावं लागतं. सेटिंगवाल्याला सांग, दोन-अडीच मिलिमीटरवर आणून दे. नाहीतर आठवडाभरात बोटं सुजतील आणि बास नावडता होईल.

गोत्रीच्या पाच तारांच्या बासमध्ये तसा दोष फार नाही. बॅटरीच्या खान्यात हिरवट चढलंय, नऊ व्होल्टची बॅटरी आत कधीतरी पाझरली असावी. असे अ‍ॅक्टिव्ह बास केबल खोचलेली राहिली तरी बॅटरी खात राहतात, आणि ती संपली की बहुतेकांचा आवाजच बंद. पण माझी हरकत वेगळी आहे. ती पाचवी तार ३१ हर्ट्झला वाजते. हेडफोनवर ऐकू येईल, पण तुमच्या कॉलेजच्या हॉलमधल्या स्पीकरवर नुसता थरथराट होईल. स्वस्त बासांत ती तार बऱ्याचदा ढिली, चिखलात पाय टाकल्यासारखी वाटते, हे तुझ्याच सरांचं म्हणणं, तूच सांगितलंस. नेक रुंद, तुझी बोटं आईवर गेलेली. आणि उभं राहून पट्ट्यावर सोडला तर बासचं डोकं खाली झुकतं. दोन तास डाव्या हाताने तोलायचा की वाजवायचा? सोळा हजार सांगतोय, त्यात तारांचेही पैसे उरत नाहीत.

चौथी लिंक, अहमदाबादची, मी पाहिलीच नाही. विकणारा म्हणतो, फौजेत आहे, बदली झाली, निम्मे पैसे पाठवा, कुरिअर करतो. बास जर्मनीतून आलेला असला तरी हात लावल्याशिवाय एक रुपया पाठवायचा नाही. तुझ्या हॉस्टेलातल्या मुलींनाही सांग.

तर रावपुऱ्याचा चौदा म्हणतोय. बटणाची टोपी, घरघर आणि जुन्या तारा दाखवून मी बारा म्हटलं. तो तेरावर आलाय, बॅगेसकट. साडेबाराला होईल असं वाटतं. आई म्हणते, वाजवून पोट भरणाऱ्या माणसाशी पाचशेसाठी हुज्जत घालू नका. सुरसागर तलावाच्या काठच्या संगीत महाविद्यालयाच्या दारात एखाद्या साजिंद्याशी घासाघीस करताना तिला कोणी पाहिलं तर बरं दिसणार नाही, असंही म्हणाली. हा बासवाला तिथे शिकलाय आणि आईच्या गुरूंना ओळखतो, हे तिने बोलता बोलता काढून घेतलं होतं. त्यामुळे भाव आता जवळजवळ तिच्याच हातात आहे.

त्याने रविवारपर्यंत थांबायचं कबूल केलंय, तोवर दुसऱ्याला देणार नाही. शुक्रवारी त्याच्या घरी जाऊन व्हिडिओ कॉल लावतो, तू स्वतः त्याला वाजवायला सांग. तारा वरपासून खालपर्यंत एकेक फ्रेट, गाणं नको. गाण्यात दोष झाकतात. मग हो किंवा नाही तू सांगायचं.

तुझे,
बाबा

ता. क. घेतला तर पुण्याला आणताना ट्रेनमध्ये वरच्या बर्थवर आडवा ठेव, दाराशी उभा करू नकोस. आणि पट्टा रुंद घे, तीन इंचांचा. बास माझ्या काट्यावर ३.९ किलो भरला.