पेशींच्या संशोधनासाठी इमारत नको, जीआर हवा: उच्च शिक्षणमंत्र्यांना नागपूरहून खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय: पेशींमधील संदेशवहनावरील आंतरविद्याशाखीय संशोधन आणि त्याला आडवे येणारे नियम

मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबरात अधिवेशनासाठी सरकार नागपूरला येतं, तेव्हा विदर्भासाठी घोषणा होतात. त्यात उच्च शिक्षणाच्या वाट्याला बहुधा इमारत येते: भूमिपूजन, कोनशिला आणि ‘सेंटर ऑफ एक्सलन्स’ असा फलक. हे पत्र इमारत मागण्यासाठी नाही. आहेत त्या इमारतींमधल्या माणसांना एकमेकांसोबत रीतसर काम करू द्यावं, एवढंच मागणं आहे. मी जीवरसायनशास्त्र शिकवते. पेशी एकमेकींना निरोप कसे देतात, हा माझा अभ्यासाचा विषय.

मंत्रालयातून हा विषय फार लांबचा वाटेल, म्हणून आमच्याकडच्या आजारापासून सुरुवात करते. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. ऑक्सिजन कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. हा दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, हे १९४९ साली दाखवलं ते लिनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. पॉलिंग डॉक्टर नव्हते, रसायनशास्त्रज्ञ होते. इथवरचं बारावीचा हुशार मुलगाही सांगेल. वॉर्डातल्या डॉक्टरांपुढचा प्रश्न निराळा आहे. एकाच घरातली दोन भावंडं, दोघंही एसएस, म्हणजे दोषाचं जनुक आई आणि वडील दोघांकडून आलेले. एक सारखा क्रायसिस, म्हणजे असह्य वेदनांचा झटका, घेऊन भरती होतो आणि दुसरा शाळेच्या मैदानात कबड्डी खेळतो. असं का?

उत्तराचा एक भाग गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनमध्ये आहे. ते ज्याच्या रक्तात जास्त टिकून राहतं, त्याला त्रास सहसा कमी होतो. दुसरा भाग रक्तवाहिनीच्या भिंतीत आहे आणि तो माझ्या विषयात येतो. वाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडतात. तो टिकतो जेमतेम काही सेकंद. तेवढ्यात तो शेजारच्या स्नायूपेशीत शिरतो, ग्वानिलेट सायक्लेज या विकराला चालना देतो, सायक्लिक जीएमपी हा पेशीच्या आत निरोप पुढे नेणारा रेणू तयार होतो, स्नायू सैलावतो आणि वाहिनी रुंदावते. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायला देतात ती गोळी याच मार्गानं काम करते. सिकलसेलच्या रुग्णात तांबड्या पेशी फुटत राहतात. त्यांतलं सुटं हिमोग्लोबिन रक्तद्रवात येतं आणि हा वायू पोचायच्या आधीच शोषून घेतं. वाहिनी आकसते, अस्तरावर सिलेक्टिनसारखी चिकट प्रथिनं वाढतात, पेशी तिथं अडकतात आणि हाडं ठणकायला लागतात. रुग्णांना आपण देतो ते हायड्रॉक्सीयुरिया हे औषध गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढवतं. त्यातही सायक्लिक जीएमपीच्या मार्गाचा हात असल्याचं प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत दिसलं आहे.

आता हे सगळं अभ्यासायचं कुणी? रुग्ण मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत आणि मिहानमधल्या एम्सला. सायक्लिक जीएमपी मोजणारे आमच्यासारखे विभाग अमरावती रोडच्या विद्यापीठ परिसरात, औषधांचा अभ्यास करणारा फार्मसी विभागही तिथंच. केसाहून बारीक नळीतून वाकलेली पेशी कशी वाहते, हे मोजायला द्रवयांत्रिकी जाणणारा माणूस लागतो, तो व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत सापडेल. प्राण्यांवरच्या प्रयोगांची जाण पशुवैद्यक महाविद्यालयाला आहे. (झाडांच्या पेशीही निरोप देतात. कापूस आणि संत्रा या दोन्हींच्या केंद्रीय संशोधन संस्था याच शहरात आहेत, पण तो विषय वेगळ्या पत्राचा.) एवढी सगळी मंडळी एका शहरात असणं हे नागपूरचं भाग्य. कुणाकडेही ऑटोनं जाता येतं.

अडतं ते कागदावर. आमची पीएच.डी. नागपूर विद्यापीठाची. मेडिकल-मेयोच्या डॉक्टरांचं विद्यापीठ नाशिकचं, आणि ते येतं वैद्यकीय शिक्षण खात्याकडे. पशुवैद्यकाचं विद्यापीठ नागपुरातच आहे, पण खातं पशुसंवर्धनाचं. व्हीएनआयटी आणि एम्स केंद्राचे. विषय आंतरविद्याशाखीय असेल तर विद्यापीठाबाहेरचा सहमार्गदर्शक घेता येतो, असं यूजीसीच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीत आहे. पण ‘घेता येतो’ आणि ‘मिळतो’ यांच्यामध्ये आरआरसी (संशोधनाला मान्यता देणारी विद्यापीठाची समिती), दोन एथिक्स कमिट्या, तीन ना-हरकत पत्रं आणि ‘आमच्याकडे असं आधी झालेलं नाही’ हा कायमचा शेरा उभा असतो. माझ्या एका विद्यार्थिनीला वॉर्डातले नमुने मिळवून देणारे, प्रत्येक रुग्णाची माहिती तिच्यासोबत बसून तपासणारे डॉक्टर शेवटपर्यंत सहमार्गदर्शक होऊ शकले नाहीत. प्रबंधात ते राहिले आभाराच्या पानावर. त्यांच्या पदोन्नतीच्या गुणांत त्या कामाचा एक गुण धरला गेला नाही. पुढच्या विद्यार्थ्याला त्यांनी नम्रपणे नाही म्हटलं, आणि मला त्यांचा राग आला नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानं हे सुटलं, असं आपले अधिकारी सांगतील. धोरणानं पदवीच्या मुलाला दुसऱ्या शाखेचा एखादा पेपर घेता येतो, ते चांगलंच आहे. संशोधनाची अडचण त्यानं तसूभर हलत नाही.

दुसरी गोष्ट तंत्रज्ञांची. नायट्रिक ऑक्साइडच्या कामासाठी १९९८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना मिळालं. फर्चगॉट यांच्या प्रयोगशाळेत १९७८ साली त्यांच्या तंत्रज्ञाकडून सशाच्या महाधमनीवरच्या प्रयोगाचा क्रम चुकला, आणि आकसायला हवी ती धमनी सैलावली. हे त्यानं दडपलं नाही आणि फर्चगॉटनी झटकून टाकलं नाही. धमनीचं आतलं अस्तर खरवडलं गेलं की ती सैलावत नाही, हे त्यातून उमगलं आणि १९८० साली छापून आलं. आमच्याकडे चूक करायलाही तंत्रज्ञ नाही. कॉन्फोकल मायक्रोस्कोपसारखं यंत्र लाखो रुपयांना येतं, उद्घाटनाचा फोटो निघतो, मग एएमसीचे, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचे, पैसे संपतात. ते चालवतो पीएच.डी.चा एखादा विद्यार्थी, आणि तो पदवी घेऊन गेला की यंत्रावर कापड पडतं. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसवर असताना वीज गेली की उणे ऐंशीच्या फ्रीझरमधले नमुने वाचवायला शिक्षकच धावतात. त्यांतले बरेच तासिका तत्त्वावर, म्हणजे त्या धावण्याचे पैसे त्यांना मिळत नाहीत.

खरेदीबद्दल थोडक्यात. केंद्रानं २०२५ मध्ये वैज्ञानिक खरेदीचे नियम सैल केले आणि संशोधनाची उपकरणं जेम या सरकारी ऑनलाइन खरेदी पोर्टलबाहेर घेण्याची मुभा संचालक-कुलगुरूंना दिली. राज्याच्या विद्यापीठांना ती सवलत तशीच्या तशी द्या. अँटिबॉडीची एक कुपी मागवायला सर्वांत कमी दराचं कोटेशन लावणं म्हणजे प्रयोग आधीच फसवून ठेवणं.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झालं, लक्ष्य २०४७ चं. तपासण्या आणि ओळखपत्रं वाटणं आवश्यकच आहे, पण ज्याचं निदान झालंय त्याचा क्रायसिस त्यानं थांबत नाही. जनुक संपादनाचा पहिला उपचार २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाला. अमेरिकेत त्याची किंमत आहे २२ लाख डॉलर. गडचिरोलीच्या मुलाला परवडेल असा उपाय शोधायचा तर तो रक्तवाहिनीतल्या या मार्गांमध्येही शोधावा लागेल, आणि रुग्ण जिथं आहेत तिथं शोधावा लागेल.

म्हणून विनंती अशी की, वैद्यकीय शिक्षण आणि पशुसंवर्धन खात्यांच्या मंत्र्यांसोबत आपण एकदा बसावं. आपल्याच मंत्रिमंडळातले सहकारी आहेत. तिन्ही खात्यांचा मिळून एक जीआर निघावा: राज्यातल्या कोणत्याही विद्यापीठाच्या मान्यताप्राप्त गाइडला दुसऱ्या विद्यापीठात आपोआप सहमार्गदर्शक होता येईल, एका एथिक्स कमिटीची मान्यता दुसरीकडे चालेल, आणि कामाचे गुण दोघांच्याही खात्यात धरले जातील. केंद्राच्या संस्थांशी त्याच धर्तीवर करार करता येईल. आणि जिथं सरकारी पैशातून मोठं यंत्र आहे, तिथं ते चालवणाऱ्याचं एक पद मंजूर व्हावं, कंत्राटी नाही, कायमचं.

जीआरचा मसुदा आम्ही शिक्षकच करून देऊ. विधी विभागाला शेरे मारता यावेत म्हणून समास मोठा सोडू.

आपली,
जीवरसायनशास्त्राची एक प्राध्यापिका,
नागपूर