नव्या गाडीबरोबर अलाइनमेंटची मापेही द्या

महोदय,

माझ्या मुलीने यंदाच्या पाडव्याला कर्ज काढून स्वतःची पहिली गाडी घेतली. आम्ही आंबेगाव बुद्रुकला राहतो, तिचे ऑफिस हिंजवडीत. गाडी घरी आणली त्याच संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, ही डावीकडे ओढतेय." मीटरवर तेव्हा १९ किलोमीटर होते. दुसऱ्या दिवशी पहाटे, रस्ता मोकळा असताना मी शेजारी बसलो. साठच्या वेगाला तिने पकड जराशी सैल केली, की गाडी लगेच डावीकडचा पांढरा पट्टा गाठायची.

शोरूममध्ये गेलो. टायरमध्ये हवा ४० च्या वर होती, ती ३३ वर आणली. फरक पडला नाही. मग सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाले, पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला डावीकडे उतार ठेवलेला असतो, गाडी तिकडे जाणारच. उतार असतो हे खरे. पण माझ्या भाच्याची आठ वर्षे वापरलेली गाडी त्याच रस्त्यावर, त्याच लेनमध्ये सरळ जाते. हे सांगितल्यावर ते मुलीकडे वळून म्हणाले, "मॅडम, स्टिअरिंग थोडं घट्ट धरायची सवय करा."

ते वाक्य मला अजून बोचते. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर किती जीव गेले, ते तुमच्याच अंकात आम्ही वाचत आलो. तिथे डाव्या बाजूला भरलेले ट्रक असतात. माझी मुलगी रोज तो उतार उतरते, आणि तिची गाडी ओढते ती डावीकडेच. महिनाभरात तिचा उजवा खांदा दुखायला लागला.

दुसऱ्या खेपेला अलाइनमेंट केले, म्हणजे चाकांचे कोन जुळवले, त्याचे पैसेही घेतले, कारण ते वॉरंटीत बसत नाही म्हणे. घरी येताना पाहिले तर स्टिअरिंगच वाकडे बसले होते. टाय रॉड, म्हणजे चाक वळवणारा दांडा, फिरवण्याआधी स्टिअरिंग मधोमध लॉक करावे लागते, ते राहून गेले असावे. ओढ होती तशीच. मापांचा कागद मागितला, तर "सगळं ओके आहे" एवढेच उत्तर. मी भोसरीच्या एका कारखान्यात ३१ वर्षे तपासणी विभागात काम केले. माप लिहिल्याशिवाय आम्ही एक बुशसुद्धा पुढे सोडत नव्हतो. अलाइनमेंटचे मशीन कामाआधीची आणि नंतरची, दोन्ही मापे छापून देते. मग तो कागद गिऱ्हाईकाला द्यायला अडचण काय?

तिसऱ्या वेळी हट्ट धरून कागद घेतला. टो (चाके आत-बाहेर किती वळलेली), कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा झुकाव), कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे-पुढे कल), सगळे मर्यादेत होते. म्हणजे दोष दुसरीकडे होता. नुसता टो बिघडला तर टायर लवकर झिजतात आणि स्टिअरिंग तिरके बसते. गाडी एका बाजूला ओढते तेव्हा बहुधा डाव्या-उजव्या कॅम्बर-कॅस्टरमधला फरक, घासणारा ब्रेक किंवा खुद्द टायर हे कारण असते.

शेवटी सिंहगड रस्त्यावरच्या एका जुन्या टायरवाल्याने पुढची दोन चाके आपसात बदलली आणि ट्रायल घ्यायला सांगितले. ओढ उजवीकडे गेली! एका रेडियल टायरमध्येच दोष होता. आतले पट्टे जरा एका बाजूला सरकलेले असले, की टायर शंकूसारखा एकाच बाजूला वळत राहतो. वीस मिनिटांचे काम. (एकाच दिशेने फिरणारे टायर असतील तर मात्र चाके अशी बदलू नयेत.) शोरूममधल्या तीन खेपांत ही साधी चाचणी कुणाला सुचली नाही, याचे मला मनापासून दुःख झाले.

माझी मागणी मोठी नाही. गाडी ताब्यात देतानाच अलाइनमेंटच्या मापांचा कागद सह्या करून द्यावा. तक्रार जॉब कार्डवर, म्हणजे गाडी कामाला घेताना भरतात त्या नोंदपत्रावर, गिऱ्हाईकाच्या शब्दांत लिहावी. आमच्या पहिल्या कार्डवर 'जनरल चेकअप' एवढेच लिहिले होते, आणि आता तेच कार्ड दाखवून आधी तक्रार नव्हती असे सांगतात. नवी गाडी घेणाऱ्यांनाही माझी विनंती आहे: 'गाडी डावीकडे ओढते' हे शब्द कार्डवर लिहून घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका.

टायरची वॉरंटी टायर कंपनीची, आमची नाही, असे शोरूमने सांगितले. म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. तो टायर तूर्त मागच्या चाकाला लावला आहे, तिथे ओढ फारशी जाणवत नाही. कर्जाचे सहा हप्ते गेले, टायर अजून बदलून मिळालेला नाही.

– एक निवृत्त तपासनीस, आंबेगाव बुद्रुक, पुणे