कांचीला मी एकटीच जाईन

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं सहलीचं पत्रक दोनदा वाचलं. मदुराई, रामेश्वरम, कन्याकुमारी, तंजावर आणि परतीच्या वाटेवर कांची. एसी बस, महाराष्ट्रीय जेवण, सोबतीला मॅनेजर. तुझी काळजी मला कळते, आणि पैसे तूच भरणार होतास हेही ठाऊक आहे. पण कांचीच्या कैलासनाथाच्या देवळासाठी त्यात पाऊण तास आहे, तोही भर दुपारी. मला तिथे निदान दोन सकाळी हव्यात. तेव्हा ते बुकिंग करू नकोस. फोनवर एवढं सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहायला बसले.

कांचीच का, ते आधी सांगते. याची सुरुवात वेरूळची. तुम्ही दोघं लहान असताना आपण गेलो होतो तेव्हा दौलताबाद, घृष्णेश्वर, लेणी आणि मकबरा असं सगळं एका दिवसात उरकलं होतं. निवृत्तीनंतर मी एकटी गेले, वेरूळ गावातच राहिले आणि कैलास लेणं दुपारनंतर पाहिलं. त्याचं तोंड पश्चिमेला आहे. सूर्य कलला की ऊन समोरून आत येतं आणि जोत्यातले हत्ती एकेक करून उजळत जातात. सकाळी अंगणाचा बराच भाग सावलीत असतो आणि गर्दी नेमकी तेव्हाच.

उजव्या अंगाने टेकडीवर जायला पायवाट आहे. गुडघ्यांना सांभाळत, थांबत थांबत चढले. वर कड्याच्या टोकाशी उभं राहिलं की शिखर जवळजवळ डोळ्यांच्या रेषेत येतं आणि अंगण खाली खोल, शंभर फुटांवर. हे देऊळ कळसाकडून पायाकडे कोरत आणलेलं आहे. कारागीर जिथे पहिल्यांदा छिन्नी घेऊन उभे राहिले, साधारण त्याच उंचीवर आपण उभे असतो. खालून बघताना हे कितीही वेळा सांगितलं तरी अंगावर येत नाही. राष्ट्रकूटांचा कृष्ण पहिला, म्हणजे आठव्या शतकाचा उत्तरार्ध. पुढे 812 सालच्या बडोद्याच्या ताम्रपटात या देवळाबद्दल लिहिलंय की खुद्द ते घडवणाराच थक्क झाला, हे आपल्या हातून झालं तरी कसं, असं म्हणाला. त्याचं नाव मात्र ताम्रपटात नाही. मला ते फार लागलं.

तिथून येताना पुस्तकात वाचलं की कैलासाची मांडणी पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिरावरून घेतलेली आहे. पट्टदकल म्हणजे बदामीजवळ, आणि बदामी म्हणजे आपल्या सोलापूरहून थेट गाडी. विजापूर, बागलकोट, बदामी. इतकी वर्षं इथे राहून आपण त्या दिशेला विजापूरच्या पुढे गेलो नव्हतो. शेजारपाजाऱ्यांमुळे तोडकंमोडकं कानडी मला येतंच, त्यामुळे परकं असं काही वाटलं नाही. बनशंकरीलाही जाऊन आले. पौषातली जत्रा चुकली, पण आपल्या गल्लीतल्या कितीतरी घरांची ती कुलदेवी, त्यांच्या वतीने ओटी भरली. देवळाबाहेर बायका टोपल्यांतून ज्वारीची रोट्टी, वांग्याची भाजी, शेंगाची चटणी आणि दही घेऊन बसतात. झाडाखाली बसून जेवले. पत्रकातल्या 'महाराष्ट्रीय जेवणा'ची मला गरज नाही, हे तुला यावरून कळावं.

बदामीला तांबड्या दगडात चार लेणी आहेत, एकावर एक, पायऱ्या बऱ्याच. तिसऱ्या लेण्यात मंगलेशाचा लेख आहे, शके 500 चा, म्हणजे इसवी सन 578. शक लिहून तारीख दिली आहे, त्यामुळे अंदाज बांधत बसावं लागत नाही. माकडं फार आहेत, पिशवी हातात धरायची नाही. तिथे मी फार रमले नाही, कारण मन पट्टदकलकडे लागलं होतं.

ते बदामीपासून विसेक किलोमीटरवर, मलप्रभेच्या काठी. आदल्या रात्रीच रिक्षा ठरवली आणि दार उघडलं तेव्हा आत गेले. विरूपाक्षाचं तोंड पूर्वेला. सकाळचं ऊन दारातून आत शिरतं आणि खांबांवरून हळूहळू सरकत जातं. त्या खांबांवर रामायण आहे, महाभारत आहे, पट्ट्यापट्ट्यांनी, बोटभर उंचीच्या माणसांसकट. एका खांबापाशी मी इतका वेळ उभी होते की पुजारीबाबांनी येऊन विचारलं, काही हवंय का. हो, तिथे अजून पूजा चालते. बाराशे वर्षांहून जुनं देऊळ, आणि आत तेल-उदबत्तीचा वास.

मग बाहेर येऊन प्रदक्षिणा घातली आणि वेरूळ दिसायला लागलं. पुढे वेगळा नंदीमंडप, मागे सभामंडप, त्यामागे मजल्यामजल्यांनी चढत गेलेलं शिखर. कैलास पर्वत हलवणारा रावणसुद्धा दोन्हीकडे आहे. याला नक्कल म्हणतात ते मला पटत नाही. पट्टदकलचं देऊळ दगडावर दगड ठेवून खालून वर बांधलंय. वेरूळच्या लोकांनी तोच विचार उलटा केला, कितीतरी मोठा केला आणि एकाच कातळातून काढला. ज्याने आधीचं काम नीट पाहिलंय आणि ज्याला त्याबद्दल आदर आहे, तोच असं करू शकतो.

आणि इथे घडवणाऱ्याचं नाव आहे! पूर्वेच्या दरवाजावरच्या लेखात स्थपती गुंडाचा उल्लेख आहे, त्याला 'त्रिभुवनाचारी' ही पदवी दिल्याचं लिहिलंय. देऊळ बांधवून घेतलं लोकमहादेवीने, चालुक्य राजा दुसऱ्या विक्रमादित्याच्या राणीने, नवऱ्याने कांची जिंकली म्हणून, इसवी सन 740 च्या सुमारास. शेजारचं मल्लिकार्जुन तिच्या सख्ख्या बहिणीचं, त्रैलोक्यमहादेवीचं. तीही त्याचीच राणी. दोन बहिणींची दोन देवळं भिंतीला भिंत लागावी इतकी जवळ आहेत.

आता कांची. निखिल, हे नीट वाच, कारण माझा सगळा जीव यात आहे. 642 साली कांचीच्या पल्लवांच्या नरसिंहवर्म्याने चालुक्यांची राजधानी बदामी जिंकली. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी, ज्याने हर्षाला अडवलं तो, बहुधा त्याच लढाईत गेला. नरसिंहवर्म्याचा लेख आजही बदामीच्या खडकावर आहे. त्यानंतर साधारण शंभर वर्षांनी विक्रमादित्य कांचीत शिरला. राजधानी लुटल्याची, खापरपणजोबाच्या मरणाची आठवण त्या घराण्यात असणारच. कांचीत कैलासनाथाचं देऊळ तेव्हा नवंच होतं, पल्लव राजसिंहाने बांधलेलं. विक्रमादित्याने देवळाची संपत्ती पाहिली आणि ती देवालाच परत केली. शत्रूच्या देवळात, तमिळ मुलखात, एका खांबावर जुन्या कानडीत तसा लेख कोरून ठेवला. तो खांब आजही तिथे आहे. आणि परत येऊन त्याच्या राणीने गुंडाकडून विरूपाक्ष बांधून घेतलं, कांचीचं देऊळ डोळ्यांसमोर ठेवून. पुढे दहा-पंधरा वर्षांत चालुक्यांचं राज्य राष्ट्रकूट दंतिदुर्गाने घेतलं, आणि त्याच्यामागून आलेल्या त्याच्या काकाने, कृष्णाने, वेरूळ घडवलं.

तीन राजघराणी, एकमेकांशी लढणारी, आणि देवळाची कल्पना मात्र एकाकडून दुसऱ्याकडे सुखरूप पोचली. मी यातली दोन देवळं पाहिली. पहिलं राहिलंय. तो खांब मला बघायचा आहे. त्यावरची लिपी मला वाचता येणार नाही, तरी बघायचा आहे. त्यासाठी बसमधल्या चाळीस माणसांना थांबवून ठेवणं मला आवडणार नाही, आणि कुणी मला घाई केलेली तर त्याहून नाही आवडणार.

सुट्टी काढून तूच सोबत येतो म्हणालास. कधीतरी जाऊच, मला तुझ्याबरोबर हंपी बघायचं आहे. पण ही सहल माझी एकटीची असू दे. एकटी असले की मी एका मूर्तीसमोर तासभर बसू शकते, कंटाळा आला तर निघू शकते, दुपारी खोलीवर येऊन झोपू शकते. नोकरीत आणि तुमच्या शाळा-परीक्षांत माझा वेळ कायम कुणाच्या तरी घड्याळावर चालला, आणि ते मी आनंदाने केलं. आता हा वेळ माझा आहे. पासष्टीनंतर गुडघे दुखतात, पण नजर आत्ता कुठे तयार झाली आहे. चाळिशीत मला हे दिसलं नसतं.

बाबांची चिंता करू नकोस. त्यांना दगडांत गोडी नाही, ते त्यांनी मोकळेपणाने सांगितलंय. डबा समोरच्या काकूंकडून येईल, गोळ्या वारांप्रमाणे खोक्यात भरून ठेवीन. मी परत आले की फोटो बघत त्यांचे प्रश्न सुरू होतात, आणि ते प्रश्न चांगले असतात.

माझी पद्धत तुला माहीत आहे: दिवसाला एकच ठिकाण, अंधार पडायच्या आत खोलीवर, फोनचं लोकेशन तुझ्याकडे सुरू. कैलासनाथाच्या गाभाऱ्याभोवती प्रदक्षिणेला एक अरुंद भुयारी वाट आहे, तिथे रांगत जावं लागतं. ते मी करणार नाही, शब्द देते. अंगणाभोवतीच्या छोट्या छोट्या देवळ्यांतच माझे दोन दिवस जातील.

तिकीट तेवढं तू काढ. दिवाळीच्या सुमारास तिकडे पाऊस असतो आणि पोंगलला गर्दी, म्हणून जानेवारीचा शेवटचा आठवडा बघ. चेन्नईपर्यंत जायचं कारण नाही. मुंबईहून चेन्नईला जाणारी गाडी सोलापूरवरून अरक्कोणमला जाते, तिथून कांचीला लोकल आहे. उजेडी पोचणारी गाडी घे. खालचा बर्थ, ज्येष्ठांच्या कोट्यातून. परतीचं तिकीट दोन दिवस जास्त ठेवून काढ, म्हणजे वाटलं तर महाबलीपुरम करता येईल. हॉटेल मी स्वतः फोन करून ठरवीन, देवळापासून चालत जाता येईल असं.

सूनबाईंना आणि पिल्लाला आशीर्वाद. तुझा खोकला गेला का, ते कळव.

तुझी,
आई