सूचना : जुन्या उपकरणांच्या संगणकांचा बॅकअप

सर्व सदस्यांसाठी,

एचपीएलसी आणि एफटीआयआर या प्रयोगशाळेतील विश्लेषण उपकरणांना जोडलेले संगणक अजून विंडोज एक्सपीवरच आहेत. एक्सपीचा सपोर्ट २०१४ मध्ये संपला, पण उपकरणांचे सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चढत नाही. तेव्हा आहे तेच सांभाळायचे आहे.

बॅकअपसाठी बाह्य हार्ड डिस्क मागवताना २ टीबीच्या वर जाऊ नये. त्यापुढची जागा ३२-बिट एक्सपीला सहसा वापरता येत नाही. फॉरमॅट एनटीएफएस ठेवा. फॅट३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही, आणि डिस्कची इमेज (म्हणजे पूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत) बहुधा त्याहून मोठीच निघते. एसएसडी वेगवान खरी, पण वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवायला ती भरवशाची नाही. तिथे जुनी फिरती डिस्कच बरी.

नॅसबद्दल (नेटवर्कवरच्या सामायिक साठवणीबद्दल) विचारणा होते. नेटवर्कवरून फायली देण्याघेण्याची जी एसएमबी पद्धत आहे, तिची पहिलीच आवृत्ती एक्सपीला कळते आणि नव्या नॅसवर ती सुरक्षिततेसाठी बहुधा बंद असते. एका संगणकापायी ती सुरू करण्याचा आग्रह कृपया धरू नये. फायली बाह्य डिस्कवरून ऑफिसच्या संगणकावर आणि तिथून नॅसवर जातील.

नुसते डेटाचे फोल्डर उचलून भागणार नाही. मेथड फायली (चाचणीच्या ठरवलेल्या सेटिंग्जच्या), ड्रायव्हर, सॉफ्टवेअरचा परवाना यांसह पूर्ण डिस्कची इमेज हवी. ती सुट्या डिस्कवर उतरवून संगणक सुरू होतो का, तेही पाहा. आतली डिस्क रुंद पट्टीच्या केबलची, म्हणजे आयडीई असेल, तर सुटी डिस्क आत्ताच शोधायला घ्या. नव्या मिळणे कठीण झाले आहे.

पेनड्राइव्ह मात्र कोणीही लावू नये.